दोन याद्या

मुंबईच्या रणजी संघाचे सर्वकाळचे उत्तम अकरा खेळाडू निवडायचे म्हटले, की आमच्यात फारसे भांडण होत नाही. सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, विजय मर्चंट ही नावे लिहून झाली, की उरलेल्या जागांसाठी आवाज चढतात. पण ते आवाज कौतुकाचे असतात. एखाद्याचे नाव राहून गेले तरी त्याचा अपमान झाला असे कोणी मानत नाही. खरे भांडण होते ते दुसऱ्या यादीवरून. ज्यांनी आमची निराशा केली, त्यांची यादी. ही यादी आम्ही कित्येक वर्षे करतो आहोत आणि दर वर्षी ती कुठे तरी अडते.

आम्ही म्हणजे कोणी क्रिकेटचे पंडित नव्हे. आमच्यात महापालिकेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. गोदीत तीस वर्षे काढलेले एक चाचा आहेत. आखातातून परत येऊन टेम्पो चालवणारा एक जण आहे, बँकेत कारकुनी करणारे दोघे आहेत आणि कॉलेजात जाणारी दोन-तीन पोरे आहेत. बहुतेकांची गावे चिपळूण-खेडकडची. राहणे कुर्ल्याला, जोगेश्वरीला, मुंब्र्याला. घरात कोकणी, मोहल्ल्यात हिंदुस्तानी आणि क्रिकेट निघाले की मराठी, अशी आमची भाषेची वाटणी आहे. त्याला कारणही आहे. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी क्रिकेट पाहिले कमी आणि ऐकले जास्त, आणि ते आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांच्या मराठीतून ऐकले. ‘यष्टिरक्षक’, ‘पायचीत’, ‘धावचीत’ हे शब्द आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाआधी रेडिओतून आले. रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपली की चहाच्या दुकानासमोर ही चर्चा सुरू होते आणि सहरीची वेळ जवळ आली म्हणजे थांबते.

पहिल्या यादीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण दुसऱ्या यादीचे मोजमाप तिथूनच येते. मुंबईने रणजी करंडक पहिल्याच वर्षी, १९३४-३५ मध्ये जिंकला. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे तो मुंबईबाहेर गेलाच नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईने तो ४२ व्या वेळी घेतला. ज्या संघाला जिंकण्याची इतकी सवय, त्याच्या पाठीराख्यांची अपेक्षाही तशीच खडूस असते. दुसऱ्या एखाद्या राज्यात ज्या खेळाडूचे नाव चौकाला दिले असते, त्याला मुंबईत ‘बरा होता’ एवढेच म्हणतात.

मास्तरांचे सगळ्यात लाडके नाव विजय मर्चंट. रणजीतल्या ४७ डावांत त्यांची सरासरी ९८.७५ आहे, हा आकडा मास्तर तसबीहचे मणी ओढावेत तसा पुन्हा पुन्हा उच्चारतात. पोरे म्हणतात, त्या काळी गोलंदाजी कुठे होती? मास्तर म्हणतात, त्या काळी हेल्मेट कुठे होते, झाकलेल्या खेळपट्ट्या कुठे होत्या? वेगवेगळ्या काळांतले खेळाडू तोलायचे म्हटले की असे होते. तराजू एकच असला तरी वजने प्रत्येकाच्या खिशातली. त्यात आणखी एक पेच आहे. ‘मुंबईचा थोर खेळाडू’ म्हणजे मुंबईतून निघालेला थोर खेळाडू, की मुंबईसाठी खेळलेला? तेंडुलकरने १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी वानखेडेवर गुजरातविरुद्ध पदार्पणातच शतक केले. पण देशाच्या कामातून सवड अशी मिळाली नाही की अख्ख्या कारकिर्दीत त्याचे रणजीचे सामने ३८ भरले. ज्यांनी मुंबईचा गाडा वर्षानुवर्षे ओढला ते दुसरेच. पद्माकर शिवलकरांनी १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले. अख्ख्या कारकिर्दीत ५८९ बळी. कसोटी सामने? एकही नाही. कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले, तेव्हा आमच्या चाचांनी त्या दिवशीचा चहा प्यायला नाही.

आता दुसरी यादी. तिच्यातले पहिले नाव सगळ्यांना एकदम सुचते: विनोद कांबळी. शालेय क्रिकेटमध्ये १९८८ साली तेंडुलकरबरोबर ६६४ धावांची भागी, त्यात कांबळीच्या नाबाद ३४९. मग १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत दोन द्विशतके, २२४ आणि २२७. एकूण कसोट्या १७, सरासरी ५४.२०. आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय अवघे तेवीस.

कांबळीच्या त्या २२४ धावा आमच्यातल्या काही जणांना फार जवळच्या आहेत. फेब्रुवारी १९९३ मधला तो वानखेडेवरचा सामना होता. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली नुकत्याच होऊन गेल्या होत्या. जोगेश्वरीहून सामान उचलून मुंब्र्याच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत आमच्यातली दोन कुटुंबे आली होती. नळाला पाणी नव्हते, जिन्याला कठडा नव्हता, पण कुणी तरी पोर्टेबल टीव्ही आणला होता. खिडकीला चादर बांधून दहा-बारा जण तो सामना बघत होते. हा डावखुरा पोरगा इंग्लंडच्या फिरकीला पुढे येऊन मारत होता आणि आमची माणसे दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने ओरडत होती. शहराने आम्हांला बाहेर ढकलले होते आणि शहराच्याच एका मुलाने आम्हांला आत घेतले होते, असे काहीसे त्या खोलीत झाले. म्हणून कांबळीचे नाव दुसऱ्या यादीत लिहिताना आमचे हात जड होतात. तरी लिहितो. कुणी म्हणतो, त्याने स्वतःचे नुकसान केले. कुणी म्हणतो, निवड समितीने घाई केली. दोन्ही बाजूंनी बोलून झाले, की हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर मांडून आम्ही पुढे जातो.

दुसरे नाव निघते अमोल मुजुमदारचे. ६६४ धावांच्या त्या भागीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. १९९४ मध्ये फरिदाबादला हरयाणाविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, २००६-०७ मध्ये मुंबईचा विजेता कर्णधार. पण भारताची टोपी कधीच मिळाली नाही. टेम्पोवाल्याने एकदा हे नाव यादीत घातले आणि मास्तर भडकले. ते म्हणाले, “अरे, मराठी नीट शिका. निराशा करणे वेगळे आणि निराशा होणे वेगळे. याने कुणाची निराशा केली? याची झाली.”

मास्तरांच्या या एका वाक्याने आमची यादी दुभंगली. तेव्हापासून आम्ही एका कागदावर उभी रेघ मारतो. एका बाजूला निराशा करणारे, दुसऱ्या बाजूला निराशा झालेले. शिवलकर, मुजुमदार रेघेच्या पलीकडे गेले. सत्तरच्या दशकात मुंबईची नवी गोलंदाजी वर्षानुवर्षे सांभाळणारे अब्दुल इस्माईलही तिकडेच. प्रथम श्रेणीत सुमारे अडीचशे बळी घेऊन त्यांना कसोटी मिळाली नाही, कारण भारताला तेव्हा वेगवान गोलंदाज लागत होता तो चेंडूची चकाकी घालवण्यापुरता; बळी घ्यायला चार फिरकीवाले होते. त्यात कुणाचा आकस नव्हता. काळच तसा होता.

आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री तर मुजुमदारचे नाव कागदावरूनच खोडावे लागले. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरातल्या मुली टीव्हीसमोर नाचत होत्या. प्रशिक्षक दिसला तेव्हा एकीने विचारले, “अब्बा, हे कोण?” तिला मागची तीस वर्षे सांगावी लागली. तिला त्यात काही दुःखाचे दिसलेच नाही. तिच्या लेखी तो जगज्जेत्या संघाचा गुरू होता. यादी करणाऱ्याचे वय बदलले की यादी बदलते, हे त्या रात्री आमच्या लक्षात आले.

संपूर्ण संघानेच निराशा केली, असेही कधी होते. मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरयाणाविरुद्ध अंतिम सामना. मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य. तेंडुलकर ९६, दिलीप वेंगसरकर नाबाद १३९, शेवटचा गडी अॅबी कुरुविला धावचीत, आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानातच रडले. आमच्यातले बँकवाले दोघे त्या दिवशी रजा काढून स्टेडियममध्ये होते. ते सांगतात, बाहेर पडताना चर्चगेटपर्यंत कोणी कुणाशी बोलले नाही. पण त्या सामन्यावरून आम्ही कुणाचेही नाव यादीत घातलेले नाही. हरलेला दिवस होता तो, हरलेला माणूस नव्हता.

इथपर्यंत सगळे ठीक चालते. मग कोणी तरी गुलाम पारकरचे नाव काढतो आणि बैठकीचा नूर पालटतो.

गुलाम पारकर चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा. म्हणजे आमच्या चाचांच्या गावापासून हाकेच्या अंतरावरचा. त्याचा भाऊ झुल्फिकारही मुंबईचा यष्टिरक्षक होता. गुलाम सलामीचा फलंदाज, आणि कव्हर्समध्ये उभा राहिला की फलंदाजांनी तिकडची धाव सोडून द्यावी असे त्याचे क्षेत्ररक्षण. मुंबईसाठी त्याने ढीगभर धावा केल्या. १९८४ मध्ये शारजाला पहिल्या आशिया चषकात भारताच्या डावाची सुरुवात सुरिंदर खन्नाबरोबर त्यानेच केली. पण कसोटी त्याला एकच मिळाली, आणि ती जून १९८२ मध्ये लॉर्ड्सवर. पहिल्या डावात सहा, दुसऱ्या डावात एक.

सहा आणि एक. हे दोन आकडे आमच्या भागात ज्या दिवशी पोहोचले, त्या दिवसाच्या गोष्टी चाचा अजून सांगतात. मुंबईहून गावी जाणाऱ्या एस.टी.त लोक एकमेकांना विचारत होते, नक्की सहाच ना? साठ तर नव्हे? एका बुजुर्गाने म्हणे मशिदीच्या ओट्यावर बसून उसासा टाकला होता, की “आपली इज्जत गेली.” आता यात ‘आपली’ हा शब्द बघण्यासारखा आहे. लॉर्ड्सच्या ओलसर हवेत नव्या चेंडूवर बाद झाला होता एक फलंदाज. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर तिथे शेकडो फलंदाज असेच बाद झाले. पण खाडीकाठच्या गावात इज्जत गेली ती सगळ्यांची.

चाचांचे म्हणणे असे, की गुलामचे नाव यादीत नको. रेघेच्या अलीकडे नको, पलीकडेही नको. “लोक आधीच बोलतात, आपण कशाला लिहून द्यायचे?” कॉलेजातली पोरे म्हणतात, का नको? रामनाथ पारकरचे नाव आपण लिहितोच ना? हा मुद्दा चाचांना निरुत्तर करणारा आहे. रामनाथ पारकर दहा वर्षे आधीचा. तोही मुंबईचा, तोही सलामीवीर, तोही कव्हर्समधला अफलातून क्षेत्ररक्षक. १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध दोन कसोट्या खेळला, अर्धशतकही झाले नाही, मग पुन्हा बोलावणे नाही. आडनावसुद्धा तेच. कोकणात पारकर हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. रामनाथचे नाव यादीत येते तेव्हा कुणाचा घास अडत नाही. त्याच्या दोन कसोट्यांचे ओझे कुठल्याही वाडीने, कुठल्याही जातीने डोक्यावर घेतले नाही. ते अपयश साधे राहिले. गुलामच्या वाट्याला असे साधे अपयश का येऊ नये?

हा प्रश्न आम्हांला मागे, फार मागे घेऊन जातो. मुंबईत क्रिकेटचे संघच एके काळी धर्मावर होते. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने एका रांगेत अजून उभे आहेत. १९१२ पासून मुसलमानांचा संघ त्या स्पर्धेत होता. १९३७ पासून ती पंचरंगी झाली. महात्मा गांधींनी १९४० मध्ये अशा धर्मवार सामन्यांबद्दल नापसंती सांगितली, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. ते बरेच झाले. पण त्या स्पर्धेतला एक खेळाडू आमच्या मास्तरांना दोन्ही याद्यांमध्ये सापडत नाही म्हणून ते बेचैन होतात. त्यांचे नाव के. सी. इब्राहिम.

१९४४-४५ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना एका विकेटने हरवले, तेव्हा शेवटच्या डावात इब्राहिम १३७ धावांवर नाबाद होते. इथवर त्यांना ‘मुसलमानांचा फलंदाज’ म्हणता येईल. पुढची गोष्ट मुंबईची आहे. १९४७-४८ च्या हंगामात, म्हणजे फाळणी झाली त्याच हंगामात, त्यांनी २१८, ३६, २३४ आणि ७७ असे चार डाव नाबाद खेळून पाचव्या डावात १४४ काढले. एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत ७०९ धावा. बाहेर निर्वासितांचे लोंढे, दंगे, रोज अफवा. आणि हा माणूस खेळपट्टीवर उभा राहिला तो हललाच नाही. दुसऱ्या वर्षी मुंबईने त्यांनाच कर्णधार केले. १९४८-४९ च्या उपांत्य सामन्यात पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र या दोन संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून इब्राहिम यांनी करंडक मुंबईत आणला आणि स्वतः द्विशतक केले. फाळणीला दोन वर्षेही झाली नव्हती. त्या दिवसांत मुंबईच्या संघाने एका मुसलमानाच्या हाताखाली खेळून विजेतेपद मिळवले, ही गोष्ट आमच्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही, आणि आमच्या मोहल्ल्यातही कोणी सांगत नाही.

भारतासाठी ते चार कसोट्या खेळले. नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात ८५ आणि ४४. पुढच्या तीन कसोट्यांत सगळ्या मिळून चाळीस धावा. मग ते कराचीला निघून गेले आणि २००७ मध्ये तिथेच वारले. पाकिस्तानसाठी ते कधी खेळले नाहीत, त्यामुळे तिकडच्या यादीत त्यांचे नाव यायचे कारण नाही. इकडच्या यादीतून ते आपसूक पुसले गेले. चांगल्यांतही नाही, निराशा करणाऱ्यांतही नाही. मास्तरांना हेच सलते. ते म्हणतात, “चार कसोट्यांत नीट जमले नाही असे कुणी म्हणाले असते तरी चालले असते. पण कुणी काही म्हणालेच नाही.” विसरले जाण्यापेक्षा नापास ठरणे बरे, असे मास्तरांचे मत आहे. शिक्षक माणूस, हजेरीपटावर नाव नसण्याचे दुःख त्यांना नापासाच्या शेऱ्यापेक्षा मोठे वाटते.

इब्राहिम यांच्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, २००८-०९ मध्ये, वसीम जाफरच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी जिंकली. पुढच्या वर्षीही जिंकली. बसचालकाचा हा मुलगा १९९६-९७ मध्ये आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध नाबाद ३१४ करून आला. उत्तरायुष्यात विदर्भाकडे गेला आणि त्यांनाही २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा करंडक मिळाला. २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा रणजीत त्याच्या १२,०३८ धावा होत्या. तोवर इतक्या कुणीच केल्या नव्हत्या. त्याला मुंबईच्या सर्वकाळच्या अकरांत घ्यायचे की नाही यावर आमच्यात एकमत आहे. वाद आहे तो कसोटीतल्या जाफरवर. ३१ कसोट्या, १९४४ धावा, २००६ मध्ये अँटिग्वाला २१२, २००७ मध्ये कोलकात्याला पाकिस्तानविरुद्ध २०२, आणि सरासरी मात्र चौतीसची. पोरे म्हणतात, एवढ्या गुणांचा माणूस, निदान साठ कसोट्या खेळायला हव्या होत्या. थोडी निराशाच केली. बँकवाले म्हणतात, तिसाव्या वर्षी वगळले आणि पुढे बारा वर्षे धावा काढत राहिला तरी बोलावले नाही. निराशा त्याची झाली. रेघ नेमकी जाफरच्या नावावरून जाते. आम्हांला हा वाद आवडतो, कारण तो धावांचा आहे.

पण वाद धावांचा राहू देत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाफरने उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. निवडीत ढवळाढवळ होते, असे त्याने कारण दिले. लगेच, त्याने संघात धर्म आणला, असे आरोप त्याच्यावर झाले. पंचवीस वर्षे मैदानावर काढलेल्या माणसाला पत्रकारांपुढे बसून एकेक आरोप खोडून काढावा लागला. अनिल कुंबळे उघडपणे त्याच्या बाजूने बोलले, याचे आम्हांला फार बरे वाटले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. हरले अकरा जण, शिव्या पडल्या एकट्या मोहम्मद शमीला. तो काही मुंबईचा नव्हे, पण त्या रात्री आमच्या बैठकीत गुलाम पारकरचे नाव पुन्हा निघाले. तेव्हा चाचांनी एवढेच म्हटले, “बघा. म्हणून सांगतो, लिहू नका.” विराट कोहली काही दिवसांनी कर्णधार म्हणून शमीच्या पाठीशी उभा राहिला आणि २०२३ च्या विश्वचषकात शमीने २४ बळी घेतले, हे खरे. पण चांगला मुसलमान ठरण्यासाठी २४ बळी घ्यावे लागत असतील, तर ज्याला चारच मिळाले त्याने काय करायचे?

याची दुसरी बाजूही आमच्यातच बोलली गेली आहे. सर्फराज खानने २०२४ च्या फेब्रुवारीत राजकोटला पदार्पण करून ६२ आणि नाबाद ६८ केल्या. ऑक्टोबरमध्ये इराणी सामन्यात नाबाद २२२, आणि मग बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५०. पुढच्याच महिन्यात वानखेडेवर शून्य आणि एक. त्यानंतर कसोटी नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारत ‘अ’ संघातही त्याचे नाव आले नाही, तेव्हा आडनावामुळे वगळले की काय, यावर राजकारणी मंडळी एकमेकांवर तुटून पडली. आमच्या टेम्पोवाल्याचेही तेच म्हणणे होते. पण कॉलेजातल्या एका पोराने त्याला अडवले. तो म्हणाला, “नावामुळे घेतला नाही असे आपण दर वेळी म्हणायला लागलो, तर ज्या दिवशी खरोखर नावामुळे घेणार नाहीत, त्या दिवशी आपले कोण ऐकेल? आणि त्याच्या १५० धावांचे काय? त्या नावाने केल्या का?” पोराचे म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही. मुजुमदारने किती धावा करून वाट पाहिली, ते मास्तरांनी पुन्हा वाचून दाखवले. इतक्या धावा करूनही न निवडले जाणे हा मुंबईचा जुना रोग आहे. त्याला नावगाव लागत नाही. कुठे तो रोग आहे आणि कुठे दुसरे काही, हे दर वेळी वेगळे तपासावे लागेल. सोपे उत्तर दोन्ही बाजूंना विकत मिळते. आम्हांला ते नको आहे.

आम्हांला हवे आहे ते फार थोडे आहे. मुंबईच्या मैदानांवर आमची पोरे खेळतात. आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात. त्यांतला एखादा मुशीर खान होतो आणि २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध एकोणीस वर्षांचा असताना १३६ धावा करतो. बाकीचे शेकडो होत नाहीत. ते कुठल्या तरी क्लबकडून खेळतात, दोन-चार वेळा नाव छापून येते, मग नोकरीला लागतात. यशाच्या वेळी ‘आमचा, आमचा’ म्हणून मिठाई वाटणे सोपे आहे, ती आम्ही वाटतोच. पण जो सहा आणि एकवर बाद होतो, त्याला खाली मान घालून सगळ्या जमातीचे ओझे घरी न्यावे लागू नये. त्याला त्या दिवशी फक्त चेंडू कळला नाही, इतकेच असावे. बाहेरच्यांनी ते जमातीच्या खात्यावर लिहू नये आणि आपणही लिहू नये. चाचांच्या काळजीमागे माया आहे, हे आम्ही जाणतो. पण नाव झाकून ठेवणे म्हणजेसुद्धा ते अपयश सगळ्यांचे आहे असे कबूल करणेच झाले.

मागच्या रमजानात हे सगळे पुन्हा बोलून झाल्यावर मास्तरांनी खिशातून पेन काढले. चाचांकडे पाहिले. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लिहा. पण कव्हर्समधल्या त्याच्या फील्डिंगचेही लिहा.” ते बरोबरच होते, ते लिहिले. पहिल्या यादीत इब्राहिम यांचे नाव सलामीचे राखीव फलंदाज म्हणून गेले. मर्चंट आणि गावसकर असताना याहून वरची जागा मास्तरांनाही मागता आली नाही. दुसऱ्या कागदावर रेघेच्या अलीकडे, कांबळीच्या खाली, एका ओळीत दोन नावे आली: रामनाथ पारकर, दोन कसोट्या, गुलाम पारकर, एक कसोटी. वाचणाऱ्याला त्यांतला हिंदू कोण आणि मुसलमान कोण हे नावावरून कळेल, पण यादीतल्या त्यांच्या जागेवरून कळणार नाही. सर्फराजचे नाव आम्ही अजून कुठेच लिहिलेले नाही. तो खेळतो आहे.